खिडकीखालचा तांदुळजा

सोळा वर्षं सिस्टर म्हणून नोकरी झाल्यावर म्हाताऱ्या पेशंटला पाणी कसं पाजायचं हे कुणी शिकवायला लागलं, तर माझं डोकं फिरणारच. वृद्धांची काळजी घेणाऱ्या नर्सेससाठी धाराशिवला तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. मार्च सरत आला होता. मी जळकोटला माहेरी राहून एसटीनं जाऊन-येऊन करत होते आणि वाटेत ऑर्डर काढणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

शिकवायला एक निवृत्त मेट्रन होत्या. साठी उलटलेल्या, बारीक अंगाच्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला एक लिटरची बाटली दिली आणि तासाभरात संपवायला लावली. मग म्हणाल्या, "आता कुणी उठायचं नाही. जिला जायचं असेल तिनं हात वर करून मोठ्यानं सांगायचं. पडद्यामागं बेडपॅन आहे, शेजारची घेऊन जाईल." आम्ही हसलो. अकरापर्यंत हसू मावळलं. माझ्या शेजारची घामानं डबडबली, पण हात वर केला नाही. एकीनंही केला नाही. बाराला त्यांनी सोडलं तेव्हा आम्ही शाळकरी पोरींसारख्या पळत सुटलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बाटल्या वाटल्या. माझी निम्मी बाटली मी गुपचूप बेसिनमध्ये ओतली. तासाभरानं त्या बाटल्यांकडं बघून म्हणाल्या, "सगळ्या रिकाम्या आहेत. पोटात किती जणींच्या गेलं?" मग त्याच पुढं म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डातही ग्लास रिकामेच असतात. म्हातारी माणसं लाजेपोटी पाणी सोडतात. आधी बोलणं बिघडतं, मग लघवी बंद होते, आणि तोवर तुमचा चार्ट छान भरलेला असतो."

मला त्या बाईंचा राग आला. चोरी पकडल्यावर येतो तसा. शेवटी कौशल्यतपासणीचा फॉर्म भरून मिळाला. त्यावर 'पाणी व लघवीची नोंद' या ओळीपुढं 'सक्षम' अशी खूण होती. परीक्षा लेखी होती आणि लिहिण्यात मी कधी कमी पडलेली नाही. माझ्यापुरतं सगळं पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं, एवढंच.

परत आल्यावर वॉर्डात तेच जुनं चालू होतं. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची एक कॉट आहे. तिथं वारा येतो, म्हणून उन्हाळ्यात ती वयस्कर बाईला द्यायची असा आमचा रिवाज. संडास मात्र व्हरांड्याच्या पार टोकाला, त्यातही दोन पायऱ्या उतरून. सफाईच्या मावशी दोनला घरी जातात. त्यानंतर बेडपॅन मागायचा तर सिस्टरला हाक मारायची.

एप्रिलमधल्या एका सोमवारी त्या कॉटवर एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, पाय सुजून लाल झालेला, अंगात ताप. सून रानात होती, म्हणून सोबतीला लेक. तो दाराशी बसायचा आणि तासातासाला आत येऊन ग्लास भरून जायचा. आजी कधी कण्हल्या नाहीत, कधी हाक मारली नाही. मी म्हणायचे, असा पेशंट मिळायला भाग्य लागतं.

"आजी, पाणी पिताय ना?"

"पिते की, माय. बग की, गिलास मोकळाच हाय."

"लघवी होतेय?"

"व्हय, व्हय. लई येळा."

मी लिहीत गेले. पाणी, चहा, ताक, लघवी, सगळे आकडे नीट, एका रेषेत. डॉक्टर बुधवारी चार्ट बघून म्हणाले, तोंडानं चांगलं घेतायत, सलाईन काढा. माझ्याच हातानं मी ती सुई काढली.

गुरुवारी मावशींनी डब्यात तांदुळज्याची भाजी आणली. लसूण-मिरचीची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. आठवड्यापूर्वीही आणली होती. एवढ्या उन्हात पालेभाजी बघायला मिळत नव्हती, म्हणून मी दोनदा मागून घेतली. मी विचारलं, बाजारातून आणली का? मावशी म्हणाल्या, "बाजारची कुठली, आपल्याच दवाखान्यातली हाय. आपसूक आलीय." मी बोटं चाटत होते, पुढं विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी आजींनी माझा हात धरला. हात कोरडा, कागदासारखा. म्हणाल्या, "बैलांस्नी पाणी दावलं का?"

लेक ओशाळून हसला. "बैल कवाच इकल्यात, सिस्टर. रातपासनं असंच चाललंय. वय झालं आता."

मीही म्हणाले, "होतं असं, वयोमानानं." हे वाक्य मी सोळा वर्षांत किती नातेवाइकांना ऐकवलंय, कुणास ठाऊक. दुपारपर्यंत आजी चादरीचे धागे ओढायला लागल्या. दर थोड्या वेळानं तोच प्रश्न, आवाज खाली खाली जात चाललेला. बैलांस्नी पाणी दावलं का? त्यांची जीभ बाहेर दिसली तेव्हा तिच्यावर भेगा होत्या. मेट्रनबाईंचं बोलणं आठवायला मला तेवढं बघावं लागलं.

खिडकीचा कट्टा ओला होता. मी गजांना डोकं लावून खाली बघितलं. दवाखान्याभोवतीचं सगळं आवार तापून भेगाळलं होतं, लिंबाखालीसुद्धा गवताची काडी नव्हती. फक्त त्या एका खिडकीखाली, कॉटच्या रुंदीएवढ्या जागेत, तांदुळजा तरारून आला होता. त्याचे शेंडे खुडलेले होते.

आजींनी पाणी फेकलं हे तर कळलंच. पण त्यांना येऊन पाचच दिवस झाले होते आणि ही भाजी मी गेल्या आठवड्यातही खाल्ली होती. आजींच्या आधी त्या कॉटवर कोण होतं, त्याच्या आधी कोण होतं, ते एकेक तोंड डोळ्यांपुढं येत गेलं. सगळ्या गुणाच्या, सगळ्या गप्प, सगळ्यांचे ग्लास रिकामे. एक घरी गेली. एकीला पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिचं काय झालं ते मी विचारलंही नव्हतं.

मी आजींच्या कानाशी वाकले. "आजी, पाणी का टाकलंत?"

क्षणभर त्या शुद्धीवर आल्यासारख्या झाल्या. "लेकाला कसं सांगू, माय? आन् तुमी शिकल्याल्या बाया. तुमच्या हातानं आपली घाण काढून घ्यायची का?"

सलाईन पुन्हा लावलं. लघवीची नळी टाकली, पिशवीत उतरली ती चहापेक्षा काळी आणि घोटभर. डॉक्टरांनी गाडी बोलावून त्यांना सोलापूरला हलवलं. गाडीत चढवताना त्या डोळे मिटून होत्या, पण ओठ हलत होते.

पुढच्या आठवड्यात लेक आला. डोक्याचे केस काढलेले. गडबडीत सामानाबरोबर गेलेला दवाखान्याचा स्टीलचा ग्लास परत द्यायला आला होता. म्हणाला, "म्हातारी तिसऱ्या दिवशी गेली. पर तुमी लई केलं, सिस्टर. तुमचं नाव घ्यायची." मी ग्लास घेतला. त्याला खरं सांगायला तोंड उघडलं आणि "काळजी घ्या" एवढंच म्हणाले. त्या माणसाच्या पाठमोऱ्या चालीकडं बघताना मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी औषधांच्या खोलीत जाऊन बसले.

मग मी झपाट्यानं सगळं बदललं. कॉटला पडदा लावला. दर दोन तासांनी, कुणी मागायची वाट न बघता, बेडपॅन घेऊन जायचं. पाणी समोर बसून पाजायचं, आपणही एक घोट प्यायचा. पिशवीतली लघवी किंवा भरलेला बेडपॅन डोळ्यांनी बघितल्याशिवाय चार्टावर आकडा टाकायचा नाही. माझ्या हाताखालच्या ज्युनिअर सिस्टरला मी हे नियम कागदावर लिहून दिले. का, ते मात्र सांगितलं नाही. सांगायचं तर त्या चार्टावरच्या सह्या कुणाच्या, तेही सांगावं लागलं असतं. मे उजाडेपर्यंत खिडकीखालचा तांदुळजा वाळून गेला. वाळलेले देठ बघून मला बरं वाटायचं.

मग घरच्या लग्नासाठी मी दहा दिवस रजेवर गेले. परत आले त्या सकाळी फाटकातूनच नजर तिकडं गेली. वाळल्या देठांच्या बुडाशी दोन बोटं उंचीचे हिरवे कोंब होते.

वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर एक नवीन आजी बसल्या होत्या. पडदा गुंडाळून वर बांधलेला. शेजारच्या स्टुलावर ग्लास रिकामा. मला बघून त्या गोड हसल्या.

"आजी, पाणी प्यालात?"

"प्याले की, बाय. पोटभर."

ज्युनिअर सिस्टरनं मोठ्या अपेक्षेनं चार्ट पुढं केला. आकडे सुबक, एका रेषेत. हुबेहूब माझ्यासारखे. मी कट्ट्यावर हात ठेवला. तो ओला होता.

आधी मी त्या आजींच्या कॉटचा पडदा ओढला आणि बेडपॅन आणला. मग ज्युनिअर सिस्टरला खिडकीशी बोलावलं, खालचे कोंब दाखवले आणि म्हणाले, "ही भाजी मी दोनदा मागून खाल्लीय. बस, सांगते."