न घातलेला कुकारो

आमच्या बाहेरच्या खोलीत एका अस्वलाचा फोटो लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि माझी बायको मोठ्या हौसेने सांगते — यांनी बोटीवर असताना काढला, तिकडे उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. तिथवरचं खरं आहे. पुढचं तिलाही ठाऊक नाही. इतकी वर्षं संसार केला, पण ते कधी ओठांवर आलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. असू दे.

मी लाटंबार्सेचा, डिचोली तालुक्यातला. घरी कोंकणी बोलतो, लिहायला बसलं की मराठी येते. त्यावरून गोव्यात केवढी भांडणं पेटली होती तेव्हा — मी मात्र समुद्रावर लोकांच्या चादरी बदलत होतो. पर्यटकांच्या मोठ्या बोटीवर केबिन साफ करायचं काम. उन्हाळ्यात बोट उत्तरेला जायची. बंदर आलं की पाहुणे किनाऱ्यावर सहलीला उतरायचे, आणि एखादी जागा रिकामी राहिली तर ती आमच्यापैकी कुणाला तरी मिळायची — अख्ख्या मोसमात एकदाच, आणि बदल्यात पाहुण्यांची डोकी मोजायची, कुणी मागे राहत नाही ना ते बघायचं.

जेवणाच्या खोलीच्या दाराशी यादी लागली. बर्फाचा कडा, देवमासे, डोंगरातली जुनी आगगाडी, अस्वलं. माझ्या केबिनमधला उल्हास पेडण्याकडचा, तुयेचा. त्याने आगगाडी निवडली, आणि मी अस्वलांवर बोट ठेवलं तसा हसतच सुटला. म्हणाला, "आरे, तुमच्या रानांत आसात तीं सोडून हांगा पळोवंक आयला तूं?" घरच्या रानातली सोडून इथवर बघायला आलो म्हणून पुढे महिनाभर मला त्याने अस्वल म्हणूनच हाक मारली. मारू दे. मला दुसरं काही निवडताच आलं नसतं. मला अस्वल नीट बघायचं होतं — पुरतं, समोरून, सावकाश. एकदा बघायला गेलो होतो आणि ते अर्धंच राहिलं होतं. हे त्याला कसं सांगणार?

आता सांगायलाच हवं.

बोटीवर जायच्या काही वर्षं आधीची गोष्ट. माझ्या काकाची डोंगराच्या उतारावर काजूची बाग होती. काजूच्या दिवसांत दोडामार्गाकडून सखारामदादा यायचा, बायकोला घेऊन, दोन महिने राहायचा. खाली पडलेली बोंडं वेचायचं काम. चाळिशीचा, किडकिडीत, आणि कान असे की सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाडीत कुणालाही ऐकू यायच्या आधी याला यायचा. पाव घ्यायला हा सगळ्यांना उठवायचा.

पिकल्या बोंडांच्या वासाने अस्वलं उतरतात. म्हणून आमच्याकडे रीत होती. सखारामदादा पहाटेच खालच्या अंगाला वेचायला बसायचा आणि मी वरून यायचो. वरून येणाऱ्याने बागेत पाय टाकायच्या आधी धोंड्यावर उभं राहून तीनदा कुकारो घालायचा — लांबलचक हाळी, पार ओहोळापर्यंत पोचेल अशी. अस्वल असलंच तर उठून आपल्या वाटेने जातं. आणि खालचा माणूस हाळी ऐकली की वेचणं सोडून झाडाआड उभा राहतो. एवढंच. याला काय अक्कल लागते?

त्या सकाळी मी धोंड्यापाशी आलो आणि आत काहीतरी खसपसलं. फुरफुर ऐकू आली. मी बावीस वर्षांचा होतो, अस्वल कधी पाहिलेलं नव्हतं. ओरडलो तर ते जाणार. मी ओरडलो नाही.

मुद्दाम ओरडलो नाही. विसरलो नव्हतो, घाबरलो नव्हतो. मला बघायचं होतं.

चपला हातात घेऊन मी आत सरकलो. काळी पाठ दिसली, केसाळ, हलणारी — तोंड दिसेना म्हणून आणखी दोन पावलं टाकली. पाचोळा वाजला. ते दचकलं आणि सरळ खाली धावलं. खाली सखारामदादा वाकलेला होता, पाठ करून. मला फक्त त्याची किंकाळी ऐकू आली. मी खाली पोचेतोवर अस्वल निघून गेलं होतं.

त्याचा डावा डोळा गेला. गाल फाटला तो वेडावाकडा जुळला.

लोकांनी मला विचारलं, कुकारो घातला होतास ना? मी म्हणालो, तीनदा. इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. काकाने इस्पितळात सखारामदादाला विचारलं, मग तुला ऐकू कसा नाही आला? बँडेजमधून तो हळूच म्हणाला, "घातलो असतलो. माकाच आयकाक येवक नाय."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या कानांपेक्षा जास्त.

तिथून त्याचं नाव भयरो सखाराम पडलं. बहिऱ्या माणसाला रानात कोण नेणार? बागांची कामं सुटली. आमच्याच वाडीत राहून लोकांच्या गोठ्यात शेण काढायला लागला. जो तो त्याच्याशी ओरडून बोलायचा. आणि तो — त्याला नीट ऐकू येत असताना — कानामागे हात धरून ऐकायला शिकला. मी ते रोज बघायचो. बोटीवर नोकरी मिळाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, तेही सांगून टाकतो.

तर ती सहल. लहान होडीतून आम्ही किनाऱ्याला लागलो. वाट दाखवणारी बाई धिप्पाड, रबरी बुटांतली. तिने सांगितलं, बोलत चला, वळण आलं की टाळ्या वाजवा, हाका मारा, अस्वलाला दचकवायचं नाही. माझी इंग्रजी कच्ची, पण हे मला शब्दन् शब्द कळलं. एका वळणावर तिने मलाच खूण केली. मी कुकारो घातला. छाती फुटेस्तोवर, तीनदा. पाहुणे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या.

ओढ्यात एक मादी दोन पिल्लांना घेऊन मासे धरत होती. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि पिल्लांना घेऊन पलीकडच्या काठाला जाऊन पुन्हा मासे धरू लागली. बस. मी एका पाहुण्याच्या कॅमेऱ्यातून फोटो काढला, त्याने पुढे पाठवून दिला. अस्वल सुंदर होतं. मी तासभर डोळे भरून बघितलं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला अजून शिसारी येते.

गावी आलो तेव्हा गोवा राज्य झालं होतं, पाट्या बदलत होत्या. दुसऱ्याच दिवशी सखारामदादा भेटायला आला, फडक्यात दोन तवशी, गावठी मोठ्या काकड्या, बांधून. फोटो एका डोळ्याने बराच वेळ पाहिला. एवढ्यात लांब कुठेतरी पोदेराचा भोंगा वाजला — मला ऐकू यायच्या आधी त्याने मान वळवली होती. मग कानामागे हात धरून मला तिकडचं विचारलं, "बाबू, थंयसर पण कुकारो घालतत?"

सांगायची वेळ हीच होती ना? अंगणात आम्ही दोघंच होतो. पण हो म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

मी त्याच्या कानाशी वाकलो आणि सगळे ओरडायचे तसा ओरडलो, "नाही."

त्याने मान हलवली आणि कानामागचा हात खाली घेतला.