शिडीची गरज नाही, म्हणाले होते

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे उभी राहूनही नाही. पुढच्या महिन्यात आम्ही आखातातलं अल ऐन सोडून कायमचे पुण्याला चाललोय. आठ दिवस मी याद्या करतेय — न्यायचं, विकायचं, वाटून टाकायचं. काल जुनी फाईल उपसताना माझ्याच अक्षरातला एक घडी घातलेला कागद हाती आला. तो कुठल्या यादीत घालायचा, ते काही केल्या ठरेना. म्हणून लिहायला बसले.

मी पहिल्यापासून याद्यांची बाई. फ्रिजवर आठवड्याची, कपाटाच्या दाराला आतून महिन्याची. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, "सुनंदाकडे श्वास घ्यायचीसुद्धा यादी असेल." मी हसायचे. खरं सांगू? मला ते आवडायचं. ज्या घरात काही विसरलं जात नाही, त्या घराची मी मालकीण होते. हे लक्षात असू द्या. पुढचं सगळं त्यातूनच आलं.

सई तेव्हा आठ वर्षांची. तिला दमा, आणि धुळीने तो उसळायचा. इथल्या उन्हात दोरीवरचे कपडे दहा मिनिटांत वाळतात, पण प्रत्येक घडीत वाळू. म्हणून शेजारचं अमेरिकन कुटुंब परत जाताना सामान विकायला लागलं, तेव्हा आम्ही त्यांचा कपडे वाळवायचा ड्रायर घेतला. गॅसच्या सिलिंडरवर चालणारा, विजेसाठी सोबत एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. त्याची गरम, दमट हवा एका जाड पाईपने भिंतीबाहेर जायची. पाईपचं तोंड मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीआड, हात पोचणार नाही इतकं उंच.

धुळीचं वादळ येणार म्हटलं की माझी ठरलेली यादी. खिडक्यांना पट्ट्या. दाराखाली ओली चादर. एसीच्या फटी. शेवटी ड्रायरचा पाईप — शिडी लावून त्याच्या तोंडात मी सईचा जुना पिवळा टॉवेल कोंबायचे. वादळ ओसरलं की त्याच क्रमाने सगळं काढायचं आणि एकेका ओळीवर खूण करायची. त्या एका खेपेला हे सगळं काढताना तिसऱ्या ओळीवर होते, तेव्हा सईचा श्वास लागला. दोन दिवस हॉस्पिटलात गेले. परत आले ती नवा आठवडा, नवी यादी.

विसरले. तेवढंच असतं, तर आज हे लिहिलं असतं का?

आठवडाभरात ड्रायर बिघडला. ड्रम फिरायचा, कपडे ओलेच. सनैयातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, दुरुस्तीच्या दुकानातून दत्ताराम आले. मालवणकडचे, पन्नाशीचे, आमच्या घरातलं प्रत्येक यंत्र त्यांच्या हाताखालून गेलेलं. ड्रायर पहिल्यांदा पाहिला तेव्हाच म्हणाले होते, "वयनी, हेच्यात सोलां बरी सुकतली." सोलां म्हणजे आमसुलं. त्या दिवशी त्यांनी शांतपणे एकेक तपासलं. सिलिंडर, रेग्युलेटर, गॅस पेटवणारी कांडी. मग मागचं झाकण काढून अंगठ्याएवढा एक पांढरा फ्यूज मीटरला लावला. काटा हलला नाही. फार तापलं की हा फ्यूज जळतो आणि ज्योत बंद करतो, त्यांनी समजावलं. नवा बसवला आणि विचारलं, "शिडी आसा? भायरचा तोंड एकदा बघतंय."

मी म्हणाले, "शिडीची गरज नाही. मी परवाच साफ केलाय."

परवा मी तिकडे फिरकलेही नव्हते. पण महिन्याच्या यादीत "पाईप साफ" अशी ओळ होती, आणि माझ्या यादीतली ओळ म्हणजे झालेलं काम — असंच मला वाटायचं. की वाटायचं नाही, नुसतं दाखवायचं होतं?

"तुमी सांगितलात म्हंजे झाला," ते म्हणाले.

जाताना संकोचाने एक काम सांगितलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची बायको इकडे येणार होती, व्हिजिट व्हिसावर, दोन महिन्यांसाठी. ती कधी रत्नागिरीच्या पलीकडे गेलेली नव्हती. तिने काय आणायचं, विमानतळावर काय करायचं, हे मी लिहून देईन का? मी लगेच बसून लिहून दिलं. सतरा ओळी. पासपोर्ट पर्समध्ये, बॅगेत नाही. विमानात थंडी वाजते, स्वेटर हाताशी. कुणी काही विचारलं तर हा कागद दाखवायचा. त्यांनी तो वरच्या खिशात, मीटरच्या तारांपाशी जपून ठेवला.

चार दिवसांत फ्यूज पुन्हा जळला. या वेळी विलास, माझा नवरा, घरी होता. दत्ताराम डोकं खाजवत म्हणाले, "फ्यूज उगाच जळना नाय, वयनी. हवा खंयतरी अडता. पाईप बघूक व्हयो."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?" मी म्हणाले. विलाससमोर म्हणाले. ते ओशाळले आणि पुन्हा फ्यूज बदलून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सई अभ्यास करता करता म्हणाली, "आई, समथिंग इज बर्निंग." ड्रायरमध्ये साचलेली कपड्यांची तूस करपली होती. आग लागली नाही, पण धूर घरभर झाला. सईला पुन्हा हॉस्पिटल, नळ्या, निळसर ओठ. तिच्या उशाशी बसून विलास म्हणाला, "या माणसाला मी सोडणार नाही. दुकानाच्या मालकाला पत्र तू लिही. तुझं मुद्देसूद असतं."

ती सावरल्यावर मी एकटी घरी आले. कपडे न्यायला आले होते, पण आधी शिडी लावली. का लावली? कुठेतरी माहीत असल्याशिवाय कोण लावतं? टॉवेल तिथेच होता, भाजून तपकिरी झालेला. मी तो बाहेर ओढला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रस्त्यापलीकडच्या कचरापेटीत टाकला. हात धुतले. मग टेबलाशी बसून पत्र लिहिलं.

चार मुद्दे होते. तीन आता आठवत नाहीत. दुसरा शब्दन् शब्द आठवतो: दोनदा येऊनही मेकॅनिकने बाहेरचा पाईप तपासला नाही.

हे वाक्य खोटं नाही. एकही शब्द खोटा नाही. माझ्या हातून याहून नीच असं काही लिहिलं गेलेलं नाही.

आठवड्याने दुकानाच्या मालकाचा फोन आला. "मॅडम, खलास. उसका वीज़ा कॅन्सल कर दिया." मी थँक यू म्हणाले. तेव्हाही बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. विलास काय म्हणेल, मंडळात काय बोलतील, मोठी झाल्यावर सई काय म्हणेल — आईनेच माझा श्वास कोंडला? यांतलं एकेक मी मोजलं. दत्तारामांची बायको त्या मोजणीत नव्हती.

कायमचे गावी परत जाण्याच्या आदल्या दिवशी दत्ताराम आले. विलास कामावर होता. आत या म्हटलं, तर चपला काढल्या नाहीत, दारातच थांबले. खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत ते दोन जळके फ्यूज. "माल बरोबर होतो, वयनी. चुकीचो नाय बसवलंय." मी मान हलवली. मग त्यांनी तो कागद काढला. घड्यांवर मळला होता, रोज उघडून वाचल्यासारखा. "हो तुमच्याकडेच ऱ्हवांदे. तिचा येणा आता होवचा नाय. दुसऱ्या कोणाक उपयोगी पडात."

मी कागद घेतला. ते वळले, पुन्हा थांबले. आवाजात राग नव्हता. एखादं यंत्र का चाललं नाही, ते समजून घ्यायचं असावं, तसं त्यांनी विचारलं, "वयनी, पाईप साफ होतो ना?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. म्हणजे चूक आपलीच, असं मनाशी ठरवून ते पायऱ्या उतरले. ते मी पाहिलं आणि दार लावून घेतलं.

सई आता चौदा वर्षांची आहे, पोहते. ड्रायर केव्हाच विकला. तो कागद समोर आहे, सतरा ओळींचा, एकाही ओळीवर खूण नसलेला. त्यांचा पत्ता मी कधी विचारला नव्हता. माझ्या कुठल्याच वहीत तो नाही.

नाही, दत्ताराम. पाईप साफ नव्हता.