फिटरचाचांची वही

फिटरचाचा बोलताना कधीच समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. नजर आपली तुमच्या कानापलीकडे कुठेतरी. मला याचा भयंकर राग यायचा. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, एवढा कसला ताठा, असं मी घरी येऊन चरफडायचे.

आकाशापुढे मात्र हीच नजर कामाची. छोट्याशा दुर्बिणीतून दिसणारे पुसट तेजोमेघ ते पेन्सिलीने वहीत काढायचे. "फिकट चीज लाजरी असते, बेटा. सरळ बघितलं की गायब. जरा बाजूला बघ, आपोआप दिसेल." आणि खरंच दिसायचं! मी कॅमेरावाली. माझे रंगीत फोटो तोऱ्यात पुढे केले, की कागदावरचं शिसं बोटाने पसरत म्हणायचे, "छान आहे. पण मी जे दिसलं तेच काढणार. ठाऊक आहे म्हणून काढलं, तर ती बेइमानी."

अमावास्येला आम्ही सुरगाण्याच्या डोंगरावर जायचो. अलीकडे दुर्बीण रोखायचं कामही माझ्याच गळ्यात. "तूच लाव, मी नुसता बघतो." घ्या! हमाली माझी, साहेब खुर्चीत. गेल्या हिवाळ्यात माझा पारा चढला. "चाचा, हुकूम सोडताना निदान माझ्या तोंडाकडे तरी बघा!" त्यांनी वहीचं पान उलटलं. नंतर दोन महिने मी फोनसुद्धा केला नाही.

परवा त्यांच्या मुलीने, नसीमने, बोलावून घेतलं. भर दुपारची वेळ, चाचा ओट्यावर बसलेले. मी तीन हातांवर उभी, आणि ते विचारतात, "कोण आहे?"

"ताई, अब्बांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय," नसीम म्हणाली. "फक्त कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, चार वर्षं तरी झाली असतील. त्यांनी चहा कपाबाहेर ओतला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं."

बाई गं! ज्याला मी ताठा समजत होते, ती मला बघायची धडपड होती.

"चाचा, बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर डोंगरावर नेलं असतंस? आणि मेघ अजून दिसतात गं. ते कडेनेच बघायचे असतात."

त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर तेजोमेघ नव्हता. माझे भुरभुरणारे केस होते, कानातल्या रिंगा, खांद्यावरचा कॅमेऱ्याचा पट्टा. मधे, चेहऱ्याच्या जागी, कोरा कागद.

"त्या रात्री तू म्हणालीस ना, तोंडाकडे बघा," चाचा माझ्या कानापलीकडे बघत म्हणाले. "बघितलं होतं, बेटा."