आत्याने लिहून घेतलेलं भाषण

माझी आत्या नगरपालिकेच्या सभागृहात लघुलेखिका होती. सभासद बोलायचे आणि ती शब्द न् शब्द टिपून घ्यायची. अठ्ठावीस वर्षं. अंदाजपत्रकाच्या सभेत तर बोटांना उसंत नसे. एक बाजू 'कर वाढवा' म्हणून घसा कोरडा करायची, दुसरी 'खर्च कापा' म्हणून बाकं बडवायची.

तिने लग्न केलं नव्हतं. ती आमच्याकडेच राहायची. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. कराची नोटीस आली की ते जेवतानाच सुरू व्हायचे, "आम्ही राब राब राबायचं आणि यांनी खुर्च्या उबवायच्या! तू रोज ऐकतेस ना, सांग, खरं कोण बोलतं?"

"मी ऐकत नाही रे दादा, लिहिते."

त्या वर्षी एका तरुण सभासदाने यादीच वाचली. "ही बघा तिजोरीची भोकं!" बंद कारंज्याचा राखणदार, दोन माळी आणि सभागृहातली लघुलेखिका. "आवाज टिपणारं यंत्र असताना यांना पोसायचं कशाला?" तिचा पगारही त्याने दीडपट करून सांगितला. आत्याने तो चुकीचा आकडाच लिहिला. बोललेलं बदलायचा तिला अधिकार नव्हता. सगळे हसले, तेही तिने कंसात नोंदवलं.

सभा संपल्यावर तोच तिच्या टेबलाशी आला.

"बाई, माझं भाषण नीट आलंय ना?"

"हो. वाचून दाखवू?"

"छे, तुमच्यावर विश्वास आहे."

यादीतली लघुलेखिका म्हणजे हीच बाई, हे त्याच्या गावीही नव्हतं. आत्याने हे आम्हाला फार उशिरा सांगितलं.

ही पदं रद्द करायचा ठराव बहुमताने मंजूर झाला. चौपन्नाव्या वर्षी आत्या घरी बसली. आठवडाभर तिने कपाटंच आवरली. मग एका दुपारी वडील जेवायला आले, तेव्हा म्हणाली, "दादा, मी खरंच फुकट खात होते का रे?"

वडिलांचा घास हातातच राहिला. "अगं, मी तुला कुठे म्हणत होतो?"

"मग कोणाला?"

ते ताटावरून तसेच उठले.

पुढे तिला एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम मिळालं, निम्म्या पगारावर. घाईत हात लघुलिपीकडे वळायचा आणि डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडायचे. वडील आता दुकान उशिरा उघडू लागले. त्याआधी तिला स्कूटरवरून सोडायचे. दवाखान्याच्या दारात ती उतरायची, पदर सारखा करायची आणि मागे न बघता आत जायची.