कलता चौरंग

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा देवघराच्या कोपऱ्यात एक चौरंग होता. चौरंग म्हणायचं ते आपलं तोंडात येतं म्हणून. बिजाच्या लाकडाचा, हातभर रुंद, पण पुढचे दोन पाय लांब आणि मागचे दोन चांगलेच आखूड. वरच्या फळीत मधोमध वाटीएवढा गोल खळगा आणि खळग्याच्या आत चारी बाजूंनी फिरवलेली एक बारीक रेघ. मागच्या पायांखाली पाचरी ठोकून त्याला सरळ उभा केला होता. दर सोमवारी सासूबाई खळग्यात पाणी ओतून बेल वाहायच्या.

नव्या सुनेनं गप्प बसावं म्हणतात, पण माझी जीभ शिवशिवायची. हा देव कोणता, असं मी विचारलंच. "मलेही नाही मालूम," सासूबाई म्हणाल्या. "सासूनं पुजला म्हणून मीही पुजला."

मामंजींच्या आजोबांनी तो करवून घेतला, एवढंच घरात ठाऊक होतं. आजोबा पटकीच्या साथीत एका दिवसात गेले आणि सांगायचं राहून गेलं. मग ज्याला जे सुचेल ते. मामंजींच्या मते ते पितरांचं आसन. नणंदेला वाटायचं, जुन्या सुइणी बाळंतिणीला यावर बसवत असतील. ते तिनं सोवळ्यात बोलून दाखवलं आणि दिवसभर बोलणी खाल्ली. गोंदियाहून रेल्वेतला एक पाहुणा आला, तो तर छातीठोकपणे म्हणाला, "अरे, ये तो साहब लोगों का बूट उतारने का स्टूल है." आणि कसा वापरायचा ते दाखवायला त्यानं त्यावर पाय ठेवला. सासूबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि तो गेल्यावर चौरंग धुऊन घेतला.

आमचं घर तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडाचा डोंगर दिसतो त्या बाजूला आमचा तलाव, वाडवडिलांनी बांधलेला. त्याच्या पाण्यावर खालच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पिकायच्या. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, मधोमध फुटली, कापणीला आलेलं धान वाळूखाली गेलं. पाळ पुन्हा बांधून देतो, असा शब्द मामंजींनी गावाला दिला होता. ती परत फुटली असती तर गाव उठून दुसरीकडे गेलं असतं आणि मामंजींना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. उन्हाळाभर ते त्या पाळीवर उभे राहून स्वतःला जाळत होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला त्यांची काळजी वाटायची आणि, खरं सांगते, धाकही वाटायचा.

माती वाहायला गावच्या सगळ्या बायका होत्या. पाटी उचलायची, ओतायची, परतायचं. पाळ कशी असावी यावर बोलायचं ते पुरुषांनी.

काम संपत आलं तेव्हा पूजा ठरली. घरचा देव पाळीवर न्यायचा आमच्याकडे रिवाज, म्हणून सासूबाईंनी चौरंग डोक्यावर घेतला. जुन्या, शाबूत पाळीच्या उतारावर आंब्याची सावली होती. तिथं त्यांनी तो ठेवला, लांब पाय खालच्या अंगाला. पाचरी घरीच राहिल्या होत्या. मी धोंडे शोधायला वळले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. सरका बसला." खरंच, पाचरींशिवायच चौरंग सरळ उभा होता.

खळग्यात पाणी ओतलं. पाणी त्या बारीक रेघेला सगळीकडून सारखं टेकलं. सासूबाई हात जोडायचं विसरून बघत राहिल्या. मग नारळ तसाच ठेवून त्यांनी चौरंग उचलला आणि नव्या पाळीच्या उतारावर नेऊन मांडला. तिथं तो पुढं झुकला आणि पाणी भळकन खाली सांडलं.

"जुन्या पाळीवर देव नीट बसते," त्या मामंजींना म्हणाल्या, "मंग नव्या पाळीवर काऊन नाही बसत?"

पुरुष हसले. एक जण म्हणाला, "पूजा करा जी, उशीर होऊन राहिला." मामंजी हसले नाहीत. चौरंग त्यांनी स्वतः उचलला, जुन्या पाळीवर जागोजाग ठेवून पाहिला. जिथं ठेवावा तिथं पाणी रेघेवर. नव्या पाळीवर कुठंच नाही. आपण नव्या पाळीचा उतार फार उभा केला, पायथ्याला माती कमी घातली, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. आजोबांनी उतार मोजायचं माप करून ठेवलं होतं आणि आम्ही त्याला पाचरी ठोकून बेल वाहत होतो.

पावसाळा तोंडावर होता. लोक थकले होते. झालेल्या कामावर पुन्हा माती घाला म्हणणं सोपं नव्हतं. मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "मायं चुकलं. हिचं बरोबर हाये." मग त्यांनी फावडं घेतलं. मला त्या क्षणी कोणाचं जास्त कौतुक वाटलं ते आजही ठरवता येत नाही. सासूबाईंनी पाहिलं, पण ऐकणारा भेटला नसता तर पाहून काय झालं असतं?

पायथा रुंद झाला. चौरंग रोज उतारावर फिरला आणि तो फिरवायचं काम सासूबाईंचं. श्रावणात तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी वाहिलं, पाळ जागची हलली नाही. मामंजी दुपारी घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

दिवाळीनंतर शेजारच्या गावचे लोक आले. त्यांची बोडी, म्हणजे लहान तलाव, दरसाल फुटायची. चौरंग थोडे दिवस द्या म्हणाले.

"नुसतं लाकूड नेऊन का करान?" मामंजी म्हणाले. "पाहणारीले न्या."

सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. मामंजींनी बैल जुंपले, गाडीत गवत पसरून त्यावर घोंगडं घातलं, आणि कासरा हातात घेऊन स्वतः गाडी हाकायला बसले.