भिंतीवरचा चौथा चौकोन

इंजिन खोलून परत जोडलं की एखादा नट उरतोच. गाडी चालू होते, ड्रायव्हर खूश होऊन निघून जातो, नट आपल्या हातात राहतो. फेकवत नाही. डब्यात टाकायचा. आळेफाट्याला माझी उभी हयात ट्रकखाली झोपून गेली, तेवढ्यात असे डबेच्या डबे भरले. किश्श्यांचं तसंच आहे. कुठल्या गाडीचा कुठला ते आठवत नाही, पण डबा हलवला की वाजतात.

आता गॅरेज सुटलं. पारगावच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात आमचं गाव, तिथं कांतीशेठच्या किराणा दुकानापुढच्या बाकावर बसतो. बाकावर आम्ही चौघं. कांतीशेठ स्वतः, यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण हे शिवी देतात ती अस्सल आमच्याकडची. दुसरे गुरुजी. रिटायर होऊन जमाना झाला, तरी बाकावरच्या माणसाकडं हजेरी घेतल्यासारखं बघतात. तिसरा बुधाजी. घोड नदीवर धरण झालं, त्यात याचं डोंगरातलं गाव गेलं, सरकारनं त्या लोकांना आमच्या शिवेत जमिनी दिल्या. आणि चौथा मी. चौथी पास म्हणून सांगतो, कुणी तपासायला येत नाही.

चौघांची भांडणं एकाच गोष्टीवरून. कुठली गोष्ट कधीची.

*

गुरुजींचं सोपं असतं. काळ तीन. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक. तीन डबे मांडायचे आणि सगळी दुनिया त्यात बसवायची. बसली नाही तर दुनियेची चूक.

एकदा मी विचारलं, "गुरुजी, मी कुठल्या डब्यात?"

"तुम्ही आधुनिक काळातले, मिस्त्री."

कांतीशेठनं माझ्या लेंग्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, माल परत तपासा. लेबल चुकलंय."

*

माझेही काळ तीनच, पण माझे खरे. हँडलचा काळ, सेल्फचा काळ आणि आत्ताचा हा वायरचा काळ.

हँडलच्या काळात ट्रकच्या नाकात लोखंडी दांडा घालून फिरवावा लागायचा. थंडीच्या दिवसात इंजिन असं रुसायचं की दोन माणसं घामाघूम. पण चालू झालं की अख्खा फाटा मान वळवायचा. चहावाला विचारायचा, "उठली का?" जशी घरातलीच म्हस. मग सेल्फ आला, बटण दाबलं की काम झालं, चहावाल्यानं विचारणं सोडलं. आता तर पोरगं येतं, वायर लावतं, पडद्यावर बघतं आणि सांगतं, सेन्सर गेला. अरे, हात लाव की गाडीला. तिला ताप आहे का बघ.

हे सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "याला इतिहास म्हणत नाहीत, मिस्त्री. इतिहासाला पुरावा लागतो."

मी उजवं मनगट पुढं केलं. हँडल उलटं फिरलं तेव्हा ते एकदा मोडलं होतं, अजून वाकडंच आहे. म्हणलं, "हे घ्या. तुमचं मध्ययुग पुस्तकात, माझं इथं."

गुरुजींनी चष्मा सरकवून मनगट नीट बघितलं आणि म्हणाले, "हाड बसवणाऱ्यानं आदिमानवाच्या काळात बसवलेलं दिसतंय."

*

आमच्या मंडळींचे काळ दोनच. बिबट्याआधी आणि बिबट्यानंतर.

पाट आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहायला आला. आता तो गावचाच झाला. शेळ्या आत, कुत्री आत, माणसं दिवस मावळायच्या आत घरात.

एकदा कांतीशेठ घरी आले होते. बोलता बोलता मी बायकोला विचारलं, "आपल्या थोरलीचं लगीन कधी झालं गं?"

ती चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "बिबट्याच्या आधी. तवा तुमी घरी कवा याल त्याचा नेम नसायचा."

तिनं पुढं घातलंच, "तुमच्या आईनं सांगून बघितलं, माझ्या बापानं हात जोडून बघितलं. वळण लावलं ते जनावरानं."

कांतीशेठ चहा न पिताच उठले. तासाभरात गावभर झालं.

*

बुधाजीचेही काळ दोन. पाण्याआधी आणि पाण्यानंतर.

पाण्याआधी भात शिजला की शेजारच्या वाडीला वास जायचा. पाण्याआधी नाचणीची भाकर चंद्रावाणी गोल व्हायची. पाण्याआधी बुधाजीला राग येत नव्हता, असंही तो सांगतो, पण ते त्याच्या बायकोला, पारूबाईला, मान्य नाही.

मागं त्याचा गुडघा धरला. मी त्याला घेऊन मंचरला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण, बाहेरगावचा.

"बाबा, गुडघा कधीपासून दुखतोय?"

"पान्यानंतर."

"कुठलं पाणी?"

बुधाजी उठला. लंगडत सरळ बाहेर. मी मागं मागं. म्हणलं, "अरं, गोळ्या तरी घे."

"एवढं धरान भरलंय," तो म्हणाला, "निम्म्या तालुक्याचा ऊस त्याच्यावर हाय, आन हा इचारतोय कुठलं पानी. ह्याची गोळी मी कशाला खाऊ?"

*

एकदा चौघं लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढताना वाटेत एक डोलीवाला दम खात बसला होता. बुधाजीनं विचारलं, "राव, हे कुनी कोरलं?"

"पांडवांनी. एका रातीत."

गुरुजी तिथंच थांबले. डोलीवाल्याला समजावू लागले, की ही बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांची, व्यापारी लोकांनी दान दिलं आणि भिक्षूंसाठी कोरून घेतली. डोलीवाला भला माणूस. म्हणाला, "आसंल. पर पांडव बी येऊन गेलं आसतील की."

कांतीशेठचे कान मात्र उभे राहिले. "व्यापाऱ्यांनी दान दिलं?"

"हो. दगडावर कोरलंय. कुणी काय दिलं ते नावानिशी."

इथं एक सांगायला पाहिजे. कांतीशेठनं वडिलांच्या नावानं शाळेला पंखा दिलेला आहे. तिन्ही पात्यांवर नाव लिहून घेतलंय, आणि उन्हाळ्यात कधी शाळेत गेले की पोरांना म्हणतात, "जरा बंद करा रे, वाचू द्या." यावरून आम्ही त्यांना लई पिडलं होतं.

तिथं त्या पायरीवर उभे राहून त्यांनी आमच्याकडं असं बघितलं की काय सांगू. "दोन हजार वर्षांची चाल आहे," म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या पंख्याला हसता."

बुधाजी मात्र हसला नाही. त्यानं गुरुजींना हळूच विचारलं, "दान देनाऱ्याचं नाव हाय. ज्यांनी कोरलं ते खाली कुठंतरी ऱ्हात असतील. त्या गावाचं नाव?"

गुरुजी म्हणाले, "ते माहीत नाही."

"लिवलं न्हाई कुनी," बुधाजी म्हणाला, आणि पुढं चढायला लागला.

*

मग पंचायतीच्या डोक्यात आलं, की पंचायतीच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचा. लिहून द्यायचं काम अर्थातच गुरुजींकडं. पेंटरनं भिंत पांढरी केली आणि तीन चौकोन आखले. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक. शेवटच्या चौकोनात खाली एक ओळ होती, की धरणग्रस्त येऊन वस्ती झाली.

बुधाजी भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. वाचता येतं त्याला, सावकाश येतं. मग बाकावर आला.

"गुरुजी, आमी वस्तीला आलो तितनं आमचं चालू व्हतंय. त्याच्या आधी आमी काय झाडावर ऱ्हात व्हतो?"

"तसं नाही, बुधाजी. तुमचं गाव होतंच. पण या गावाच्या भिंतीवर दुसऱ्या गावाचा इतिहास कसा लिहायचा?"

"दुसऱ्या गावाचा," बुधाजी म्हणाला. "म्हंजी आमी अजून दुसऱ्या गावचंच."

कांतीशेठ दुकानात गेले आणि उगाच डबे पुसायला लागले. खरं सांगायचं तर आम्ही मूळचे लोक त्यांना धरणवालेच म्हणत आलो. नाव घेऊन हाक मारायला लई वर्षं घेतली.

बुधाजी जाताना म्हणाला, "नातवंडं हितंच जन्मली. मी हाय तवर सांगतो त्यांना. मी गेलो की म्हनत्याल, म्हातारा गाव होतं म्हनायचा, कुठं लिवल्यालं तर न्हाई."

त्या दिवसापासून त्याची जागा बाकावर मोकळी. आम्ही तिघं बसायचो, पण त्या जागेवर कुणी पिशवीसुद्धा ठेवली नाही. गुरुजी इतिहासाचं बोलायचे बंद झाले. मी मुद्दाम एकदोनदा चुकीचं बोलून बघितलं, तरी माझी चूक काढली नाही.

आज येऊन बघाल तर भिंतीवर चौकोन चार आहेत. चौथा सगळ्यांच्या वर आहे, आणि त्यावर 'पाण्याआधी' असं लिहिलंय. पेंटरच्या नाही, गुरुजींच्या अक्षरात. तो कसा आला तेवढं सांगतो.

*

त्या उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं. असं झालं की बुडालेली गावं वर येतात, आणि तिथली माणसं आपापल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसतात. त्यांची रीतच आहे ती. जोतं झाडायचं, उंबऱ्याच्या जागेला हळदकुंकू लावायचं, तीन दगड मांडून चहा करायचा. आला गेला तो पाव्हणा.

कांतीशेठनं जीप काढली. गुरुजींना कुठं जायचं ते सांगितलं नाही. गुरुजींनी विचारलंही नाही.

खाली उतरलो तर सगळा गाळ वाळून भेगाळलेला. मध्येच झाडांची काळी खोडं. भिंत म्हणून एक उभी नाही, नुसती दगडांची जोती, पाटीवर रेघा माराव्यात तशी. जिकडं तिकडं माणसं आपापल्या रेघांत बसलेली. एका जोत्यावर पारूबाई केरसुणीनं गाळ लोटत होती. बाजूला बुधाजी चुलीला फुंकर घालत होता.

आम्हाला बघून तो उठला. गुरुजी जोत्याच्या बाहेर उभे राहिले. मग त्यांनी वहाणा काढल्या, नीट जोडून बाहेर ठेवल्या, आणि हळदकुंकवाच्या दगडापाशी आले.

गुरुजी चांगले सहा फुटी.

"खाली वाका गुरुजी," बुधाजी म्हणाला. "चौकट लागंल."

वर नुसतं आभाळ होतं. गुरुजींनी एका हातानं टोपी धरली, कमरेत चांगले वाकले आणि उंबरा ओलांडून आत गेले. मागनं कांतीशेठ वाकून गेले.

मी पाच फुटाचा माणूस. आजवर कुठल्या दारात मला वाकायची पाळी आली नाही. तरी मी पण वाकलो.

पारूबाई केरसुणी थांबवून म्हणाली, "तुमी कशाला वाकता, भाऊ? तुमी सरळ मावता त्यात."