फळीची डाळ, आतली डाळ

तुमच्या घरची महागाई मोजायला आजवर कोणी तुमच्या चुलीपर्यंत आलं आहे का?

माझ्या माहितीत तरी कोणी येत नाही. ते दुकानापर्यंत येतात, छापील फॉर्मवर भाव लिहून घेतात आणि जातात. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, टंचाईच्या दिवसांत, नागपुरात हे काम मीच करत होते. कॉलेज दुपारी सुटायचं. दर मंगळवारी एका सरकारी कचेरीसाठी ठरलेल्या दुकानांत जायचं आणि ठरलेल्या वस्तूंचे भाव आणून द्यायचे. काम हंगामी होतं, पण फॉर्म, पॅड आणि कार्बन पेपर मिळायचे. मला त्याचा केवढा अभिमान!

यादी मला आजही पाठ आहे. लुचई तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, जवसाचं तेल, घासलेट, कपडे धुण्याच्या साबणाची वडी, काडेपेटी, बिडीचं बंडल. प्रत्येक वस्तूपुढे तिचा दर्जा छापलेला असे, म्हणजे दर आठवड्याला त्याच मालाचा भाव यावा. तूरडाळीपुढे छापलं होतं ‘मध्यम’. त्यापुढचा रकाना भावाचा.

आमचे बाबा कापडाच्या मिलमध्ये माग चालवायचे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मिलच्या फाटकावर वाटलेली, सभांची, दसऱ्याच्या मेळ्यातली. गुलाबी, पिवळी, पोपटी. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य असावं. त्या पत्रकांत महागाई कायम गगनाला भिडलेली असे. माझ्या फॉर्मवर मात्र ती चार-चार आठवडे जागची हलत नसे. या दोन कागदांतला एक खोटं बोलत आहे, हे मला कळायला हवं होतं. मी पत्रकांनाच हसायचे.

बाबांनी मला एकदा नीट समजावलं होतं. सगळ्या दुकानांचे फॉर्म कचेरीत जमतात, त्यांतून नागपूरचा एक आकडा निघतो, आणि तो वर गेला तरच मिलमधला महागाई भत्ता वर जातो. हिशोब दर तीन महिन्यांनी. “तुह्या कागदायवर आमचा भत्ता चालते बाई,” ते म्हणाले होते. “नीट लिहित जा.” मी नीटच लिहीत होते. अक्षर तर मोत्यासारखं.

मग एका संध्याकाळी बाबा मिलमधून आले आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसले. तिमाहीचा आकडा जाहीर झाला होता. हलला नव्हता.

“नागपूरचा आकडा स्थिर हाय म्हनते,” बाबा म्हणाले.

माय ताटात डाळ निवडत होती. तिचा हात थांबला. “स्थिर? कोनाच्या घरचा?”

मायने माझ्याकडे पाहिलं.

“काय लिहून राहिली वं तू तिथं?”

“भाव लिहितो न माय.”

“कोनाले पुसून?”

“शेठले. भाव काय हाय म्हनून पुसतो, तो फळीकडे बोट दाखवते.”

माय हसली. ते हसू मला अजून बोचतं. “भाव फळीवर रायते वं बाई! बाईमानूस बाईमानसाले भाव पुसते का कधी? कितीले पडलं म्हनून पुसते.”

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोहल्ल्यातलं जे किराणा दुकान माझ्या यादीत होतं, त्याच दुकानातून आमचं घर चालायचं. दाराशी सरकारी हुकुमाप्रमाणे काळी फळी टांगलेली, तिच्यावर खडूने भाव. फळीखाली डाळीचं एक पोतं, तोंड उघडं, तळाला पसाभर डाळ. ती मागितली की शेठ म्हणायचा, “खतम.” मग आतल्या खोलीतलं पोतं उघडायचं. त्याचा भाव फळीवर नव्हता आणि फळीहून पुष्कळ चढा होता. मोहल्ल्यातल्या बायांनी त्यांना नावंच पाडली होती, फळीची डाळ आणि आतली डाळ. फळीची डाळ कोणी कधी शिजवली नव्हती.

आणि हे मला माहीत होतं! रविवारी पिशवी घेऊन मी त्याच दुकानात उभी राहायचे आणि तोंडाने म्हणायचे, “शेठ, आतली द्या दोन किलो.” मंगळवारी पॅड घेऊन तिथेच उभी राहायचे आणि फळी पाहून भाव लिहायचे. कितीतरी महिने. रविवारची मी आणि मंगळवारची मी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. मला कोणी लाच दिली नव्हती, कोणी धमकावलं नव्हतं. फॉर्मवर ‘भाव’ छापलं होतं, फळीवर ‘भाव’ लिहिलं होतं, आणि मी शिकलेली होते.

नवी तिमाही सुरू होऊन बरेच आठवडे झाले होते. तिच्यातले दोनच मंगळवार उरले होते. ते तरी खरे लिहायचे, असं मी ठरवलं.

पुढच्या मंगळवारी दुकानात पाच-सहा बाया होत्या. मी पॅड काढलं आणि विचारलं, “शेठ, तूरडाळ कितीला देता?”

“बोर्ड पे लिखा है ना बेटी.”

“मग बोर्डवरची एक किलो द्या.” मी पैसे काढून गल्ल्यावर ठेवले.

शेठने पैशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “खतम हो गई.”

“मंग पोतं काहून ठेवलं गा शेठ बाहेर?” मागून एक म्हातारी म्हणाली. “नजर उतरवाले?”

बाया हसल्या. शेठ हसला नाही. “तुम सरकारवाली हो के गिराइक? पहले ये बताओ.”

“दोन्ही,” मी म्हणाले. “आतली कितीला?”

बायांसमोर त्याला खोटा भाव सांगता येईना, कारण तोच भाव त्यांच्याकडून घ्यायचा होता. त्याने आकडा सांगितला. मी लिहिला. तसा तो गल्ल्यावरून वाकला. “वो मत लिखो. तुम्हारे कागज पे मध्यम है. ये उत्तम है. माल अलग है.”

मी दोन्ही पोत्यांतली मूठमूठ डाळ तळहातांवर घेऊन बायांना दाखवली. कोणालाही फरक सांगता आला नाही. म्हातारीने एक दाणा चावून पाहिला. “दोनी सारखीच कडक हाय,” ती म्हणाली.

कचेरीतले आमचे तपासनीस वाईट नव्हते. पिकलेले केस, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक काळी आणि एक लाल. त्यांनी माझा फॉर्म पाहिला आणि चष्मा काढला.

“एका आठवड्यात एवढी उडी? अमरावतीत नाही, जबलपुरात नाही. फक्त नागपुरात डाळीला पंख फुटले का? वरून खुलासा मागतील.”

“साहेब, तिथेही फळी असेल.”

जागोजागचे भाव वेगळे असतात हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्या दिवसांत धान्य-डाळी राज्याच्या सरहद्दीपलीकडे न्यायला बंदी होती. माझे मामा पांढुर्ण्याला, मध्य प्रदेशात. काटोलवरून बसने पुढे गेलं की आलंच, पण तिथली डाळ स्वस्त आणि इथली महाग. एकदा मामांनी वळकटीत चार किलो डाळ गुंडाळून आणली, तर नाक्यावर शिपायाने वळकटी उलगडली. डाळ गेली, गादी राहिली. त्या चार किलोंचा दुखवटा आमच्या घरात आठवडाभर चालला. म्हणून शेजारच्या गावाचा भाव दाखवून कोणी माझ्या गावाचा भाव खोटा ठरवू लागलं की माझं डोकं तापतं.

“पुरावा?” तपासनीसांनी विचारलं. “पावती आहे?”

पावती नव्हती. आमच्या मोहल्ल्यात डाळीची पावती कोणी मागितलेली मी ऐकली नव्हती.

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ ओढली आणि वर गेल्या आठवड्याचा भाव लिहिला. “लहान आहेस अजून,” ते मऊ आवाजात म्हणाले. “भावनेने भाव बदलत नाहीत.”

आता एकच मंगळवार उरला होता.

घरी येऊन मी जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. दोन पानं, त्यात नफेखोर, रक्तशोषक, निद्रिस्त शासन, सगळं. बाबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी केली आणि परत दिलं.

“चांगलं लिहिलं. वाचून लोकं टाळ्या वाजवतीन. पन तुह्या साहेबाले टाळ्या नाई पायजे, पावती पायजे.”

“मी मागतो,” माय म्हणाली.

मी नको म्हटलं. मोहल्ल्यात डाळ ठेवणारं ते एकच दुकान होतं, आणि शेठ बिथरला तर तिला पाय तोडत इतवारीच्या बाजारापर्यंत जावं लागलं असतं. माय शेजारणींकडे गेली.

मंगळवारी मी पॅड घेऊन पोचले तेव्हा माय रांगेत सगळ्यांत पुढे होती. तिच्यामागे चार शेजारणी, त्यात दाणा चावणारी म्हातारीही.

“आतली दोन किलो,” माय म्हणाली. शेठने तोलली, पुडा बांधला. मायने पैसे दिले नाहीत. “पावती द्या.”

“किस बात की पावती?”

“डाळीची. दुसरं काय घेतलं म्या तुमच्या इथून, सोनं?”

शेठने मला पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. “अच्छा! ये तुम्हारी लडकी का नाटक है. हमारे यहाँ पावती नहीं मिलती. लेना है तो लो, नहीं तो आगे बढो.”

मायने पुडा उचलला आणि परत तराजूत ठेवला. पारडं खाली आदळलं. “मंग राहू द्या.” ती बाजूला झाली, पण गेली नाही. पुढची आली. तिनेही डाळ तोलून घेतली, पावती मागितली, पुडा परत ठेवला. तिसरीनेही तेच केलं. तिच्या कडेवर पोर रडत होतं आणि तिच्या घरी त्या दिवशी डाळ नव्हती, हे मला माहीत होतं. या बायांच्या ताटातलं वरण मी माझ्या एका रकान्यासाठी पणाला लावलं होतं. उद्या हा माणूस कोणालाच डाळ देणार नाही म्हणाला, तर मी काय करणार होते? पत्रक लिहिणार होते?

“काहून भेता शेठ?” म्हातारी म्हणाली. “तुमचा भाव खरा हाय न? मंग लिहा न कागदावर. का फळीवरच हात चालते तुमचा?”

रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शेठने वहीचं एक पान फाडलं, खरडलं आणि मायपुढे फेकलं. मायला वाचता येत नव्हतं. तिने ते मला दिलं.

“काय लिहिलं?”

“किराना सामान, आणि रक्कम.”

“डाळ लिहा म्हना त्याले. आन किलो.”

त्याने दुसरं पान फाडलं. या वेळी दात खाऊन, एकेक अक्षर कोरत लिहिलं: तूरडाळ, उत्तम, दोन किलो, आणि आतला भाव. ‘उत्तम’ या शब्दाखाली त्याने दोनदा रेघ मारली आणि माझ्याकडे बघून हसला. पाचही बायांना त्याने तशाच पावत्या दिल्या.

मी दुकानातच पॅडवर वाकले. तो का हसला ते मला कळलं होतं. माझ्या फॉर्मवर मध्यम, पावत्यांवर उत्तम. तपासनीस म्हणणार, दर्जा वेगळा, आकडा बाद. मग मी फॉर्मच्या मागच्या बाजूच्या बारीक सूचना वाचल्या, ज्या मी इतक्या महिन्यांत वाचल्या नव्हत्या. नेमलेला माल दुकानात मिळत नसेल तर तसं लिहावं आणि जो विकला जातो त्याचा भाव द्यावा, असं तिथे छापलं होतं. मी लिहिलं: ‘तूरडाळ मध्यम, विक्रीस नाही. लोक घेतात ती उत्तम.’ पुढे आतला भाव, खाली टाचणीने पाच पावत्या.

तपासनीसांनी पावत्या एकेक करून पाहिल्या. लाल पेन्सिल बाहेर आली, बोटांत बराच वेळ फिरली आणि खिशात गेली. “खुलासा मागतील,” ते एवढंच म्हणाले, आणि फॉर्म वर पाठवला.

खुलासा मागितला गेला. महिनाअखेर मला कळवण्यात आलं की माझी गरज उरलेली नाही. त्या तिमाहीचा आकडा थोडा हलला, भत्ताही थोडा वाढला. त्यात माझ्या फॉर्मचा वाटा किती, मला माहीत नाही. आकड्यात दुकानं पुष्कळ असतात. मायला शेठने पुढे वर्षभर डाळ दिली नाही. ती इतवारीला जायची, येताना घामाने भिजलेली असायची, आणि पिशवी ठेवून आधी पदराच्या गाठीतली पावती काढून माझ्या हातात द्यायची.

मी अजूनही लिहिते, अजूनही चिडून लिहिते. पण या लिखाणाला टाळ्या नकोत. उद्या तुम्ही डाळ, तेल, साबण, जे काही घ्याल त्याची पावती मागा. तिच्यावर वस्तूचं नाव, वजन आणि तुम्ही मोजलेली खरी रक्कम लिहून घ्या. ‘किराना सामान’ चालवून घेऊ नका. आणि कधी दुकानात पॅड घेतलेली एखादी पोरगी फळीकडे पाहून लिहिताना दिसली, तर तिच्यावर ओरडू नका. ती पावती तिच्या हातात द्या, आणि तिने ती टाचून घेईपर्यंत तिथून हलू नका.